कुकरीची मूठ

मला लहानपणापासून एक खोड आहे. समोर एखादी वस्तू आली की ती कशी उघडते, आत काय आहे, कुणी केली, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या खाडीकाठच्या गावात लोक मला भोचक म्हणत, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. पुढे दुबईला आलो तरी खोड तशीच राहिली. तिच्यापायी एका भल्या माणसाच्या कुकरीत मी हात घातला आणि त्याच्या जिवाला घोर लावला.

साठच्या दशकाची शेवटची वर्षं होती. हा देश अजून एक झाला नव्हता आणि दिरहम कुणी पाहिला नव्हता. आज रास अल खोरला जिथे गॅरेजं आणि गोदामं दाटीवाटीने उभी आहेत, तिथे तेव्हा चिखल होता, चिखलावर मिठाचा पांढरा थर होता आणि खाडीच्या टोकाला रोहित पक्ष्यांचे थवे उभे असायचे. त्या चिखलाच्या अलीकडे एका इंग्रज ठेकेदाराचं आवार होतं. मी तिथे स्टोअरकीपर होतो. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. रत्नागिरीकडे आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधत आल्या होत्या. घराला कायम राळेचा आणि माशाच्या तेलाचा वास. मी मॅट्रिक झालो आणि त्या वासातून कायमचा सुटलो, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

आवाराच्या फाटकावर दिवसपाळीला एक गुरखा असायचा. आम्ही सगळे त्यांना हवालदारसाब म्हणायचो. वय पन्नाशीच्या आसपास, उंची बेताची, पोटऱ्या दगडासारख्या. इंग्रजांच्या गुरखा पलटणीत वीस-बावीस वर्षं काढून, मलायाच्या जंगलात लढून ते पेन्शनीत निघाले होते. आमचा साहेब पूर्वी त्याच पलटणीत अधिकारी होता. त्याने पत्र पाठवून त्यांना पहाडातून बोलावून घेतलं. खाकी अर्धी चड्डी, तिची सुरीसारखी घडी, आणि पट्ट्यावर मागच्या बाजूला आडवी लटकवलेली कुकरी.

आमच्या मेसचे स्वयंपाकी चाचा त्या कुकरीला फार भीत. चाचा कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडचे. वीस वर्षं बोटींवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून हिंडलेले, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना ठाऊक होती.

"ती एकदा म्यानातून बाहेर आली ना मियां, की रक्त घेतल्याबिगर परत जात नाय," ते मला सांगत. "तू त्या गेटवर टाइमपास करू नको. आपलं काम झालं की खलास, निघायचं."

चाचा स्वतः हवालदारसाबांचं ताट चार हात लांब ठेवून परत येत. पण अशी गोष्ट कानावर पडल्यावर माझ्यासारखा माणूस गेटपासून लांब कसा राहणार? मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथे जायचो. आठवडाभरातच मला दिसलं, की हवालदारसाब खुर्चीवर बसून त्याच कुकरीने कांदा चिरताहेत. अगदी पातळ, एकसारखा. चिरून झाल्यावर पातं फडक्याला पुसलं आणि म्यानात घातलं.

"हवालदारसाब, हिला रक्त नाही लागलं?" मी विचारलंच.

त्यांनी डोळे पुसले. "कांदा कापताना माझ्या डोळ्यातून इतकं पाणी काढते. तिचं भागतं त्यात."

आमचं सगळं बोलणं हिंदीत चालायचं, त्यांच्या पहाडी हिंदीत आणि माझ्या मुंबई वळणाच्या हिंदीत. इथे मी ते मराठीत मांडतोय. मला ते 'भाइ' म्हणायचे. धाकट्या भावाला त्यांच्याकडे तसंच म्हणतात.

त्या दिवसानंतर मी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. म्यानाच्या पाठीला दोन खिसे होते आणि त्यात बोटभर लांबीच्या दोन सुऱ्या. एक धारेची, ती कर्दा. बारीकसारीक कापायला. दुसरीला धारच नव्हती. मी म्हटलं, द्या, कानस मारून देतो. त्यांनी ती माझ्या हातातून हलकेच काढून घेतली. ती चकमक, ती बोथटच असते, कुकरीची धार तिच्यावर घासून सरळ करायची आणि गारगोटीवर आपटून ठिणगी पाडायची. मग पात्याच्या मुळाशी ती छोटी खाच कशाला? चाचा म्हणाले होते, रक्त मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून. आमचा पठाण ड्रायव्हर म्हणाला, शत्रूची तलवार अडकवायला. हवालदारसाबांनी खूप विचार केला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "कामीला विचारलं होतं मी. कामी म्हणजे आमचा लोहार. तो म्हणाला, माझा बाप करायचा, म्हणून मी करतो. आमच्या साहेबाने पलटणीत दहा वेगवेगळी उत्तरं लिहून घेतली होती."

मला हे उत्तर फार आवडलं. एवढी वर्षं कमरेला बाळगलेल्या वस्तूबद्दल माहीत नाही म्हणून सांगायला मोठं मन लागतं. माझ्याकडे तेव्हा ते नव्हतं.

या ओळखीतून एक काम माझ्याकडे आलं. हवालदारसाबांना पलटणीत त्यांची भाषा रोमन अक्षरात शिकवली होती. ती ते झरझर वाचत. पण गावचा मास्तर पत्रं लिहायचा देवनागरीत, तीही मोडून, अक्षराला अक्षर चिकटवून. त्यातलं त्यांना निम्मं लागायचं नाही. मला देवनागरी येते म्हटल्यावर ती पत्रं मी वाचायला लागलो. गंमत अशी की मला नेपाळी येत नव्हती. मी नुसतं अक्षर वाचायचो, पोपटासारखं, आणि अर्थ त्यांना कळायचा. मी काय बातमी सांगितली हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून समजायचं.

एकच शब्द मी ओळखायला लागलो होतो. छोरी, म्हणजे मुलगी. त्यांना एकच मुलगी होती, तिकडे वरच्या गावात दिलेली. पहिल्याच पत्रात तो शब्द तीनदा आला, आणि तिसऱ्यांदा मी तो वाचला तेव्हा हवालदारसाब खुर्चीवरून उठले, फाटकापर्यंत गेले आणि खाडीकडे तोंड करून उभे राहिले. मी पुढे वाचावं की थांबावं मला कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. मुलीचं दुसरं मूल गेलं होतं. पहिलंही असंच, जन्मून दोन दिवसांत.

पुढच्या उन्हाळ्यात पत्र आलं, की ती पुन्हा गरोदर आहे. दसऱ्याच्या आगेमागे बाळंत होईल. त्यांचा दसरा म्हणजे दशैं. त्या दिवशी हवालदारसाब आपणहून बोलले, मला विचारावं लागलं नाही. दशैंच्या नवमीला हत्यारांची पूजा होते आणि कुकरीने बळी देतात. बकरा नसेल तर कोहळा. वार एकच. एका वारात दोन तुकडे झाले तर घराचं वर्ष चांगलं जातं. वार मध्ये अडकला तर घराला सोसावं लागतं.

"पहिल्या नातवाच्या वर्षी मी पलटणीत होतो. वार दुसऱ्याने केला, सगळ्या पलटणीच्या नावाने," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या वर्षी इथे आलो. इथे एकटा माणूस काय करणार, म्हणून काहीच केलं नाही. या वर्षी मी करणार आहे."

मला काही त्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याचं कारण नव्हतं. पण मला तो माणूस आवडायचा, आणि माझी बायकोही तेव्हा गावी होती, लग्नाला आठ महिने झालेले. मी कोहळ्याची जबाबदारी घेतली. चाचांच्या ओळखीच्या एका तांडेलाला सांगून मुंबईहून गलबतातून कोहळा मागवला.

आणि मग ती गोष्ट घडली. दशैंला तीन आठवडे असतील. आमचा ट्रक मिठाच्या चिखलात रुतला. सगळे ढकलायला गेले. हवालदारसाबांनी पट्टा सोडला आणि कुकरी, म्यानासकट, जवळच्या रिकाम्या लोखंडी पिंपावर ठेवली. भर दुपार. त्या उन्हात लोखंडावर हात ठेवला तर फोड यायचा. तासाभराने ट्रक निघाला. दोरी कापायला त्यांनी कुकरी ओढली, तर हातात नुसती मूठ आली. पातं म्यानातच राहिलं.

मी जवळच होतो. म्हशीच्या शिंगाची ती काळी मूठ हातात घेऊन ते तिच्या भोकात बघत राहिले. मलायात एवढी वर्षं ती त्यांच्या कमरेला होती. तिथे ओल होती, पाऊस होता, पण असं तापलेलं लोखंड नव्हतं. मूठ पात्याला धरून ठेवणारा, इतक्या वर्षांचा जुना मसाला उन्हाने वितळला होता.

"हात्तिच्या, एवढंच ना," मी म्हणालो. "उद्या बसवून देतो."

मला खरंच येत होतं ते. गावच्या लोहाराकडे मी तासन्‌तास बसायचो. कोयत्याची मूठ कशी बसवतात हे मी शंभरदा पाहिलं होतं. पात्याची टोकदार शेपटी तापवायची, मुठीच्या भोकात लाख भरायची, शेपटी आत दाबायची आणि गार होईपर्यंत धरून ठेवायची. लाख माझ्या स्टोअरमध्ये होतीच. टपालाच्या पाकिटांवर ठोकायच्या लाल कांड्या, डझनाने. मी चार कांड्या कुटल्या, वर्कशॉपच्या शेगडीवर शेपटी तापवली आणि पंधरा मिनिटांत मूठ बसवली. अशी घट्ट की हलेना. वर जास्त आलेली लाख मी खरवडून साफ केली. खाचेपासून मुठीच्या तोंडापर्यंत एक बारीक लाल रेघ राहिली होती, तीही शोभून दिसत होती.

हवालदारसाबांनी कुकरी हातात घेऊन दोनदा हवेत फिरवली. मग टाच आपटून मला सलाम ठोकला. थट्टेने, पण सलामच. मी ती हकिगत मेसमध्ये तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितली. पठाणाला, मलबारी फिटरला, साहेबाच्या टायपिस्टलाही.

त्यानंतर ते रोज सकाळी, सूर्य वर यायच्या आधी, खजुराच्या ओंडक्यावर वाराचा सराव करायचे. एक, दोन, तीन वार, आणि बस. मूठ हलायची नाही. मी चहाचा कप घेऊन बघायचो आणि माझी छाती फुगायची.

दशैंला बारा-तेरा दिवस राहिले असताना एका दुपारी टपाल बंद करायला मी लाखेचा डबा उघडला. वरच्या कांड्या वाकल्या होत्या. पत्र्याच्या छताखालच्या नुसत्या उकाड्याने. खालच्या दोन एकमेकींना चिकटून एक झाल्या होत्या. मी एक कांडी बोटात धरली तर ती अलगद लवली.  सकाळच्या गारव्यात मूठ घट्ट होती यात नवल नव्हतं. उन्हात ती लोणी होणार होती. टपालाची लाख मेणबत्तीवर विरघळावी म्हणूनच केलेली असते. लोहाराची लाख वेगळी, हे मला, तासन्‌तास बसून सगळं पाहणाऱ्याला, एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सगळ्या आवारात शेखी मिरवून बसलो होतो. स्वतःला समजावलं की वार सकाळीच होणार, सकाळी गार असतं, निभावून जाईल. मग वाटायचं, वार अर्ध्यात असताना मूठ फिरली तर? कोहळ्याचं सोडा, त्या माणसाच्या मनात काय येईल? तिकडे काही वाईट झालं तर ते जन्मभर कुणाला दोष देतील? मला नाही देणार, स्वतःलाच देतील. हे मला जास्त सहन होईना. तीन दिवस मी गेटकडे फिरकलो नाही. चाचांनी विचारलंसुद्धा, "काय रे, तबेत बरी नाय काय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदारसाबच स्टोअरच्या दारात आले. उजवा तळवा माझ्यासमोर धरला. तळवा लाल होता. मला वाटलं हात कापला. मी धावलो, तर ते रक्त नव्हतं. मुठीतून पाझरलेली लाख होती.

मी वाकलेली कांडी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मूठ एका हातात, पातं दुसऱ्या हातात फडक्याने धरून ओढलं. शेपटी बाहेर आली, तिच्यामागे लाखेची लाल तार लांबत गेली.

"तुला कधी कळलं?"

"तीन दिवस झाले."

"तीन दिवस," ते म्हणाले.  दोन्ही तुकडे माझ्या टेबलावर ठेवले आणि रिकामं म्यान कमरेला लावून फाटकावर जाऊन बसले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. स्वतःची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटलेली नाही. दोन दिवस ते पातं आणि ती मूठ माझ्या फळीवर, नटबोल्टच्या डब्यांशेजारी पडून होती. वर्कशॉपमध्ये चिकटवायचं जे जे होतं ते मी लावून बघितलं. एकही टिकेना.

शेवटी चाचांनी मला खडसावलं. ते मेसच्या ओट्यावर मासे साफ करत होते.

"मियां, एक बात सांग. तुझा बाप होडीच्या फळ्यांना काय लावायचा? टपालाची लाख?"

 राळ. समुद्राचं पाणी, मिरगाचा पाऊस, मे महिन्यातली रेतीवरची उन्हं, सगळं सोसून फळीला धरून राहणारी राळ. माझ्या बापाचे हात तिने कायम काळे असायचे. मी तिचा वास अंगावर नको म्हणून समुद्र ओलांडून आलो होतो, आणि वेळ आल्यावर मला आठवली ती ऑफिसातली लाल कांडी.

शुक्रवारी नमाजानंतर मी खाडीवर गेलो, जिथे गलबतं काठावर ओढून दुरुस्त करत. तिथे आमच्याकडचे एक म्हातारे कारागीर फटी बुजवायचं काम करायचे. मी कुणाचा, कुठल्या वाडीतला, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. आजोबांचं नाव सांगितल्यावर त्यांनी मला बसायला फळी दिली.

"राळ कशाला पायजे तुला? तू तर साहेबलोकांच्या ऑफिसात."

मी कुकरीची गोष्ट सांगितली. त्यांनी पिवळट काचेसारखे राळेचे खडे माझ्या रुमालात बांधले.

"तेल घालू नको हां. होडीला नरम लागते, म्हणून आपण तेल टाकतो. मुठीला कडक पायजे. विटेची भुकटी टाक, बारीक चाळून. यल्ला, जा आता."

दुसऱ्या दिवशी चाचांनी जुना तवा दिला. मेसच्या मागच्या दारात शेगडीवर मी राळ तापत ठेवली. खडे विरघळले, चाळलेली विटेची भुकटी टाकली, धूर उठला, आणि तो कडवट-गोड वास आवारभर पसरला. मला बापाची आठवण झाली आणि डोळे भरून आले. धुरामुळे असं मी चाचांना सांगितलं.

पाच मिनिटांत हवालदारसाब दारात उभे. ड्यूटीवर असताना त्यांनी फाटक सोडल्याचं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"हा वास कसला?"

मी तवा दाखवला.

"हे सालच्या झाडाचं आहे," ते म्हणाले. ते तव्याशेजारी उकिडवे बसले. "आमच्या खालच्या जंगलात झाडाला चीर दिली की हे गळतं. कामीच्या घरी हाच वास. तुझ्याकडे कुठून आलं?"

"आमच्याकडे होड्यांना लावतात," मी म्हणालो. "मला आधीच आठवायला हवं होतं."

त्यांनी नुसती मान हलवली. मग पातं मागितलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून फक्त शेपटी बाहेर ठेवली. पात्याला आच लागली तर त्याचं पाणी उतरतं, धार टिकत नाही. हे मी पहिल्या वेळी केलं नव्हतं, सुदैवाने तेव्हा आच फार चढली नव्हती. निखाऱ्यावर त्यांनी शेपटी सावकाश, घाई न करता तापवली. मी मुठीत राळ ओतली. त्यांनी शेपटी आत सरळ दाबली, आणि मग मूठ माझ्या हातात दिली. गार होईपर्यंत तू धर, म्हणाले. मी अर्धा तास धरून बसलो. हात भरून आले तरी सोडली नाही. नागडी कुकरी समोर असताना चाचा शेजारी बसून लसूण सोलत होते, याचं मला नंतर नवल वाटलं.

त्या दुपारी मीच ती कुकरी नेऊन त्याच लोखंडी पिंपावर ठेवली. एक तास. मी सावलीत उभा राहून घड्याळ बघत होतो, हवालदारसाब खुर्चीवरून माझ्याकडे बघत होते. तासाने फडक्याने उचलून मूठ पिळून पाहिली. हलली नाही.

नवमीची सकाळ. कोहळा आला होता, पांढरी भुकटी अंगावर असलेला, चांगला मोठा. हवालदारसाबांनी आंघोळ करून धुतलेले कपडे घातले. कोहळ्याला चार काड्यांचे पाय लावले, त्याचा बकरा केला. वर्कशॉपच्या मागे जमिनीवर रांगोळीसारखं काहीतरी काढलं, तांदूळ टाकले. चाचांनी मला आदल्या दिवशी बजावलं होतं, तू तिथे उभा राहू नको, ते त्यांचं आहे. मी कुंपणापाशी उभा राहिलो, तर चाचा स्वतः मेसच्या खिडकीत होते.

हवालदारसाबांनी कुकरी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. मी मनात बिस्मिल्ला म्हटलं. कोहळ्यासाठी नाही, मुठीसाठी. वार इतका झटकन झाला की मला तो दिसलाच नाही. कोहळ्याचे दोन अर्धे डावी-उजवीकडे पडले आणि कुकरी जमिनीत चार बोटं रुतली. हवालदारसाबांनी आधी मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा जीव भांड्यात पडला. चाचा खिडकीतून म्हणाले, "आता याची भाजी करायची की नाय?" केली, आणि आम्ही तिघांनी खाल्ली.

पण खरी गोष्ट अजून कळायचीच होती. मूल कसं आहे, मुलगी कशी आहे, काहीच माहीत नव्हतं. पत्राला दोन महिने लागायचे. हवालदारसाब रोज टपाल आलं की स्टोअरच्या दिशेने बघायचे, विचारायचे नाहीत. मी लांबूनच मान हलवून नाही म्हणायचो. थंडी सुरू झाली. मिठाचा चिखल सकाळी गार पडायला लागला.

मग एक दिवस ते पाकीट आलं. मास्तरचं तेच चिकट अक्षर. मी धावत फाटकावर गेलो. हवालदारसाब सावध उभे राहिले, साहेबासमोर राहायचे तसे. मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागलो. वर त्यांच्या पंचांगाची तारीख, मग नमस्कार, मग पिकाचं काहीतरी असावं. आणि मग तो शब्द आला. छोरी.  पहिल्या पत्रात याच शब्दावर ते उठून गेले होते. मी काय वाचून दाखवतोय हे मला माहीत नव्हतं, चांगलं की वाईट, आणि जन्मात पहिल्यांदा मला विचारायचं धैर्य होईना. मी अक्षरं तेवढी लावत गेलो. "छोरीले छोरा पाई. दुवै सन्चै छन्."

हवालदारसाब हलले नाहीत. "ही ओळ पुन्हा," ते म्हणाले. मी वाचली. "तारीख?" ती वाचली. ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले, दोनदा मोजलं, आणि खाली खुर्चीवर बसले.

"मुलगा झाला," ते म्हणाले. "दोघं बरे आहेत. महिन्याचा झाल्यावर मास्तरने लिहिलंय. दशैंच्या आठ दिवस आधी जन्मला."

मीही मोजलं. आठ दिवस आधी म्हणजे कुकरी माझ्या फळीवर होती. पातं एकीकडे, मूठ दुसरीकडे. आणि ते रिकामं म्यान लावून इथेच बसले होते. माझी खोड आडवी आलीच. "मग हवालदारसाब, तो वार कशासाठी होता? ते तर आधीच झालं होतं."

ते रागावले नाहीत. त्यांनी कुकरीच्या मुठीवर अंगठा फिरवला, जिथे राळेची विटकरी रेघ होती तिथे.

"मला काय ठाऊक होतं, भाइ? तिथे काय चाललंय ते कळायला दोन महिने. तोवर बापाने इथे हातावर हात ठेवून बसायचं?"

मला माझ्या बायकोची आठवण आली. तिचंही पत्र याच टपालात होतं, माझ्या खिशात, न फोडलेलं. 

"पहिल्यापासून वाच," हवालदारसाब म्हणाले. मी पत्र सरळ केलं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लागलो. या वेळी ती ओळ आली तेव्हा आपण काय वाचतोय ते मला माहीत होतं.